‘माका काय झाला?’

सिंधुदुर्गातल्या आमच्या आचऱ्यात हृदयविकाराचा विषय निघाला की पहिला आरोपी नारळ. बायपास करून आलेल्याला भेटायला गेलेला माणूस पडवीत टेकतो, पाणी पितो आणि विचारतो, ‘वाटप बंद केलंस मा?’ मग पुढचा अर्धा तास त्या खोबऱ्याच्या वाटपावरच जातो. कोणाला डॉक्टरनी खोबरं पूर्ण तोडलेलं असतं. कोणाचे आजोबा खोबऱ्याशिवाय घास न गिळता नव्वदीपर्यंत जगलेले असतात. या सगळ्या गप्पांत रक्तदाब किती होता, तो कधीपासून वाढलेला होता, गोळी चालू होती की मध्येच सोडली, बिडी किती ओढायचा, हे कोणी विचारत नाही. चुकून विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘माका काय झाला होता?’

हे पुस्तक त्या उत्तरासाठी आहे. ज्याला काहीच झालेलं नाही त्याला पुढे काय होऊ शकतं आणि का, हे सांगण्याचा उद्योग वैद्यकानं गेली पाऊणशे वर्षं चालवला आहे. त्याआधी डॉक्टर दुखणाईताकडे बघायचा. ज्याचं काही दुखत नाही तो त्याचा कोणी लागत नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला. तो बरीच वर्षं चढत होता आणि चढत असल्याचं कागदावर लिहिलेलं होतं. त्यांचे खासगी डॉक्टर नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. अध्यक्षांची तब्येत वयाच्या मानानं उत्तम आहे, असंच ते सांगत राहिले. त्यांना हसण्यात अर्थ नाही. रक्तवाहिन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला दाब लागणारच, तो उतरवला तर उलट नुकसान होईल, असं मानणारे मोठे मोठे डॉक्टर तेव्हा होते. साठीच्या माणसाला ‘वयाच्या मानान बरोबर हा’ म्हणून घरी पाठवणारे आपल्याकडे अजून भेटतात. ती त्याच समजुतीची शिल्लक.

रूझवेल्ट गेल्यावर तीन वर्षांनी, १९४८ साली, बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं एका पाहणीत नोंदवली गेली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, तपासायचं, लिहून ठेवायचं आणि वाट बघायची. कोणाला काय होतं, हे काळच सांगणार होता. १९६१ साली थॉमस डॉबर, विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला. ज्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आधीपासून वाढलेलं होतं, त्यांना हृदयविकार कितीतरी जास्त झाला होता. आज कुठल्याही दवाखान्यात जी यादी आपल्यापुढे वाचली जाते, दाब, साखर, चरबी, तंबाखू, तिची मुळं या कंटाळवाण्या चिकाटीत आहेत. गाजावाजा न करता एका गावाची माणसं वर्षानुवर्षं मोजत राहणं हे मला तरी कुठल्याही शस्त्रक्रियेइतकंच थोर काम वाटतं.

मात्र या शास्त्राचं बोलणं समजून घेताना एक अडचण येते. ते शंभर माणसांबद्दल बोलतं आणि ऐकणारा एकटा असतो. मालवण बंदरात तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे बाहेर गेलेली प्रत्येक होडी बुडणार, असं नसतं. बहुतेक परतही येतात. म्हणून कोणी शहाणा तांडेल बावटा खोटा होता, असं म्हणत नाही. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो. अमक्यानं जन्मभर बिडी ओढली आणि त्याला काही झालं नाही, हा आपल्याकडचा सर्वांत लाडका पुरावा. होडी परत आलेल्यांची गोष्ट किनाऱ्यावर ऐकायला मिळते, एवढाच त्याचा अर्थ.

फ्रेमिंगहॅमची माणसं बहुतेक गोरी अमेरिकन. त्यांचा हिशेब आपल्याला लागू होतो का, ही शंका रास्त होती. तिचं एक उत्तर २००४ साली मिळालं. कॅनडात काम करणारे, मूळचे केरळचे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत ‘इंटरहार्ट’ हा अभ्यास झाला. पहिला झटका आलेली सुमारे पंधरा हजार माणसं आणि त्यांच्याच वयाची, झटका न आलेली तितकीच माणसं समोरासमोर ठेवली. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, दारू आणि अंगमेहनत या नऊ गोष्टींत पुरुषांच्या झटक्यांपैकी ९० टक्क्यांचा आणि बायकांच्या ९४ टक्क्यांचा उलगडा होतो, असं दिसलं. म्हणजे घटक सगळीकडे तेच. पण याच माहितीतून दक्षिण आशियाचा भाग वेगळा काढून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली जो लेख लिहिला, तो आपल्याला जास्त लागू. पहिला झटका येण्याचं मधलं वय इतर देशांत ५८.८ वर्षं, आपल्या भागात ५३. जवळजवळ सहा वर्षांचा फरक. त्रेपन्नाव्या वर्षी घराचं कर्ज फिटलेलं नसतं, धाकटी मुलगी कॉलेजात असते आणि बोटीवर अजून आपणच जात असतो.

सहा वर्षं आधी का? इथे गोष्ट पुण्याकडे वळते.

आचऱ्याच्या बाजारात उभं राहून बघितलं तर पोट सुटलेली माणसं कमी, काटक जास्त. ‘माका काय झाला?’ म्हणणाऱ्याचा सगळा भरवसा त्या काटकपणावर असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात हेच कोडं पडलं होतं. पाठ्यपुस्तकातला मधुमेही उतारवयाचा आणि लठ्ठ; समोर बसलेला तरुण आणि बारीक. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काटा सारखा, आतला माल वेगळा. संशोधकानं स्वतःचीच चरबी जगापुढे मांडून केलेला हा युक्तिवाद मला फार आवडतो. एका पानात जेवढं कळतं तेवढं चाळीस पानांच्या तक्त्यांत कळत नाही.

हा फरक येतो कुठून, हे शोधायला याज्ञिकांची मंडळी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गेली. १९९३ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात बायकांची मोजमापं गरोदरपणाच्या आधीपासून घेतली, त्या काय खातात आणि किती राबतात हे लिहिलं आणि बाळं जन्मताच त्यांची वजनं आणि कातडीखालची चरबी मोजली. बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. हात-पाय बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं टिकून. आपल्या त्रेपन्न वर्षांच्या काटक माणसाची ठेवण पाळण्यातच दिसत होती. याला आधार होता डेव्हिड बार्कर यांच्या कामाचा. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुइणी आणि आरोग्यसेविकांनी प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत लिहून ठेवलं होतं. बार्कर यांनी त्या वह्या हुडकल्या, त्यातली माणसं पुढे कशानं गेली ते तपासलं आणि १९८९ साली दाखवून दिलं की बाळपणी हलक्या असलेल्या पुरुषांत हृदयविकारानं जाणारे जास्त. त्या वेळी कित्येकांनी त्यांना वेड्यात काढलं. साठीतल्या झटक्याचा संबंध आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांशी जोडणं कोणाला पटणार?

पुण्याच्या खेड्यांतून आणखी एक गोष्ट हाती लागली. त्या बायकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व बहुसंख्येनं कमी होतं. ज्यांचं ब-१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट काम करेनासं झाल्याची लक्षणं जास्त दिसली. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांतल्याच काहींना ब-१२ देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो, हेही पाहिलं गेलं. ब-१२ मुख्यतः मासे, मांस, अंडी, दूध यांतून मिळतं. मासेखाऊ किनारपट्टीला याची काळजी नको, असं वाटेल. पण घरात मासळी कोणाच्या ताटात किती पडते, हे बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. तुकडी पुरुषाला, डोकं-शेपटी आणि कढी तिला, हा हिशेब आपल्या कुठल्या वाडीत अनोळखी आहे? कोकणात या बाजूनं मनापासून काम चाललं आहे ते चिपळूण तालुक्यात, डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात. आसपासच्या खेड्यांतल्या किशोरवयीन मुलींची शरीरं आणि रक्त तपासून, त्यांच्या पुढच्या आयुष्याचा माग ठेवण्याचा हा अभ्यास आहे. हृदयविकाराचं संशोधन सोळा-सतरा वर्षांच्या मुलीपासून सुरू करायचं, ही कल्पना बार्कर यांच्या वेळी चेष्टेवारी गेली असती.

आता नारळ, नाहीतर वाचक पानं उलटून तिकडेच जाणार. खोबरेल तेलातली बहुतांश चरबी संपृक्त, त्यातली निम्मी लॉरिक आम्लाची. २०२० साली १६ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा शेंगदाणा-सूर्यफुलासारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलानं वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल सुमारे दहा मिलिग्रॅमनं वाढलं. ते आरोग्यदायी अमृत आहे, असं सांगत बाटल्या विकणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि खोबऱ्याला फाशी देणाऱ्यांनी टोकेलाऊ बेटांची हकीकत वाचावी. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी निम्म्याहून अधिक नारळातून येत. कोलेस्टेरॉल चढं, पण हृदयविकार विरळा. सोबतीला मासे आणि दिवसभराची मेहनत होती. १९६६ च्या वादळानंतर तिथली बरीच माणसं न्यूझीलंडला गेली. तिथे नारळ कमी झाला. साखर, बसणं, वजन, रक्तदाब, मधुमेह वाढला. लालबाग-परळच्या खोलीत दोन पिढ्या काढलेल्या चाकरमान्याला ही हकीकत समजावून सांगावी लागणार नाही. वाटपाचा गोळा घरच्या आमटीत किती पडतो याहून, आपण आता होडी वल्हवत नाही आणि भातलावणीला वाकत नाही, हा फरक मोठा आहे.

मासळीबद्दल थोडक्यात. ग्रीनलंडच्या एस्किमोंना हृदयविकार कमी का, याचा शोध घेत १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग हे डॅनिश संशोधक माशांच्या तेलापर्यंत पोचले. त्यातून कॅप्सूलचा केवढा तरी धंदा उभा राहिला. मोठ्या चाचण्यांत त्या कॅप्सूल तितक्या खऱ्या उतरल्या नाहीत. ताटातला मासा मात्र अजून मानानं उभा आहे. आणि हे तेल सर्वांत जास्त कशात? तारली, पेडवे, बांगडा. पापलेट परवडत नाही म्हणून हळहळणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

मिठाचं काय करायचं, हा प्रश्न अवघड. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या की पेजेबरोबर खारा बांगडा, सुकट, गोलमा, वर आंब्याचं लोणचं. ज्या जिल्ह्यानं १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, त्याला मीठ सोडा सांगायचं म्हणजे जीव अडखळतो. खारा मासा भिजत घालून ते पाणी दोनदा ओतून द्यावं, इतकं तरी घरोघरी होण्यासारखं आहे. तंबाखूबाबत मात्र जीव अडखळण्याचं कारण नाही. इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. दातांना मशेरी लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत आणि विचारणाराही त्यांना विचारायला विसरतो.

तेरेखोल खाडीच्या पलीकडचा, गोव्याचा आकडा सांगून ठेवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशभर ११.४ टक्के होतं आणि गोव्यात २६.४, म्हणजे देशात सर्वांत जास्त. खाणं, हवा, बरीचशी नातीगोती इकडची आणि तिकडची एक. आपण खाडीच्या अलीकडे आहोत, एवढ्यावर निर्धास्त राहता येणार नाही.

आणि आता ज्या कामासाठी सिंधुदुर्गाचं नाव या विषयात घ्यायलाच हवं, ते. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम जाहीर झाला. केंद्राचं आरोग्य खातं, अनुसंधान परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारं मिळून. पहिल्या फेरीत पाच राज्यांतले पंचवीसेक जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार: भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. यात नवं औषध काहीच नव्हतं. कोणती गोळी आधी, किती मात्रेत, महिन्याभरात दाब उतरला नाही तर पुढची पायरी कोणती, हे एका कागदावर ठरवून दिलं, म्हणजे डॉक्टर बदलला तरी औषध बदलू नये. गोळ्या एकदम महिन्याच्या द्यायच्या. औषधाचा साठा संपू द्यायचा नाही. दाब डॉक्टरऐवजी सिस्टरनं मोजायचा. न आलेल्याला आशाताईनं गाठायचं. संशोधनाच्या जगात याला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण वरचा दाब दहा अंकांनी उतरवला तर पक्षाघात सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतात, हे लाखो माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१६ साली दाखवलं गेलं आहे. आमच्यासारख्या गावाला तर ते सोन्याहून मोलाचं. छातीत कळ आली की कणकवली-आचरा रस्त्यानं गाडी काढायची आणि पुढे गोव्यातलं बांबोळी की कोल्हापूर हे वाटेत ठरवायचं. त्या तासांवर भिस्त ठेवण्यापेक्षा ती कळ दहा वर्षं पुढे ढकललेली बरी.

आरोग्य केंद्रातलं दृश्य असं असतं. बाजार आटपून आलेली बाई पिशवी खाली न ठेवताच हात पुढे करते. सिस्टर तिला आधी पाच मिनिटं गप्प बसवते, पाठ टेकवायला लावते, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवते आणि मगच पट्टा बांधते. या पाच मिनिटांवरून बाकावर रोज कुरकुर होते. आकडा येतो, १६८/९६. कार्डावर मागचे दोन महिने कोरे. ‘गोळयो संपल्यो, मगे येवक जमला नाय. तसा बरा वाटत होता.’ सिस्टर कार्डावर लिहिता लिहिता म्हणते, ‘तुका बरा वाटता गो, पण मशिनीक वाटणा नाय.’ या पुस्तकातल्या सगळ्या प्रकरणांत मिळून जे सांगायचं आहे, ते तिनं वर मान न करता सांगून टाकलं.

तिच्यापुढची खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या गावाची माणसं जागेवर नसतात. चाकरमानी चतुर्थीला येतो, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणतो आणि राहतो महिनाभर. देवाच्या कौलानं तीन-चार वर्षांनी गावपळण होते, तेव्हा अख्खा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहुट्यांत. बोचक्यात तांदूळ, भांडी, कांबळी सगळं आठवणीनं जातं, औषधाची पट्टी फळीवर राहते. आणि म्हाताऱ्यांचं तर आणखीनच. आरोग्य केंद्राची गोळी एक, मुलानं मुंबईच्या डॉक्टरला विचारून लक्झरीतून पाठवलेली दुसरी. पाकिटांवरची नावं वेगळी, आतलं औषध एकच. कोणी दोन्ही घेतो आणि चक्कर येऊन पडतो, कोणी दोन्हींचा गोंधळ नको म्हणून दोन्ही सोडतो. फ्रेमिंगहॅमच्या वहीत ही माणसं सापडायची नाहीत. म्हणून या पुस्तकाचं शेवटचं पान मजकुराविना ठेवलं आहे. त्यावर फक्त पाच रकाने आहेत: तारीख, दाब, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि ते कुठून आणलं. पान फाडून घेता यावं म्हणून कडेला टोचे मारायला छापखान्याला सांगितलं आहे.